'बरं हाय' म्हणणारी यमुना

माझी बायको यमुना मोहाच्या झाडाखाली कधी आग लावत नसे. आमच्या कुरखेड्याकडे फागुनात मोह गळायला लागला की लोक झाडाखालचा पाला पेटवून देतात, म्हणजे फुलं उघडी दिसतात. ही खराट्यानं झाडून काढायची. कोणी हसलं तर म्हणायची, "ज्यानं पोट भरलं त्याचेच पाय जाळाचे का?"

तरी आगीच्या केसमध्ये तीच सापडली. शेजारचं जंगल पेटलं, जंगलखात्याचा माणूस धावत आला आणि त्याला समोर हीच दिसली. "माह्या हातात खराटा हाय, माचिस नाई! डोळे घरी ठेवून आला का?" म्हणत तिनं खराटा उगारला. झालं. आगीचा गुन्हा, वर सरकारी माणसाच्या अंगावर धावून गेल्याचा. जामीन मिळाला नाही.

आत गेली तेव्हा छातीत सुपारीएवढी गाठ होती. भेटीला गेलो की जाळीपलीकडून मलाच विचारायची, "मोहफुलं वाळवली का? बुरशी लागू देऊ नका." गाठीचा विषय काढला की मान फिरवायची. पुढं गाठ फुटली. वासानं बराकीतल्या बायका दूर झोपू लागल्या. शिपाईणीला सांगितलं तर दुखण्याची गोळी मिळाली. मी तुरुंगाच्या दारात दिवसदिवस हात जोडून बसायचो. कुत्र्यालाही हाकलतात तरी, मला कोणी तेवढंही केलं नाही.

ब्रह्मपुरीच्या एका वकीलबाईंनी हायकोर्टात अर्ज टाकला. कैदी झाला म्हणून माणसाचा इलाजाचा हक्क जात नाही, असा. तुरुंगानं उत्तर दिलं, डॉक्टरनं तपासलं, बाई स्वतःच बरी आहे म्हणते.

वकीलबाईंना घेऊन मी भेटीला गेलो. चिडूनच विचारलं, "काऊन म्हटलं तसं?"

"डाक्टरनं इचारलं, कशी हाय बाई? मी म्हटलं, बरं हाय. कोनी इचारलं तं काय रडगानं सांगाचं? अन् बाजूले शिपाई उभा. त्याच्यासमोर पदर काढू?"

आमच्याकडे असंच आहे. मरणाऱ्याला विचारा, बरं हाय म्हणेल. डॉक्टरनं तेवढं लिहून घेतलं आणि पुढच्या कैद्याकडे गेला.

"काकी, हे तुमचं 'बरं हाय' तुम्हाले मारन," वकीलबाई म्हणाल्या.

यमुना हसली. "मंग जजसाहेबाले सांगा, खोटं बोलली. लावू द्या आनखी एक केस."

कोर्टानं मोठ्या दवाखान्यात न्यायचा हुकूम दिला. हुकूम होता, तर सोबत द्यायला पोलीस नव्हते. पोलीस मिळाले, तर गाडी नाही. गाडी मिळाली तेव्हा तिला उचलून ठेवावं लागलं. तिथल्या डॉक्टरनं मलाच विचारलं, "आधी का नाही आणलं?" मी काय तिला खिशात घेऊन फिरत होतो?

खाटेला बेडी होती. मी जवळ बसलो तर म्हणाली, "लय दुखते वो." एवढ्या संसारात तिच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं. दुसरा दिवस तिनं पाहिला नाही.

सरकारी वकील कोर्टात म्हणाले, अर्जदार वारली, आता अर्जात काही उरलं नाही. वकीलबाईंनी मला हळूच विचारलं, "भाऊ, थांबाचं का?"

"मेली म्हनून तं चालवाचं," मी म्हटलं.

वारस म्हणून माझं नाव लागलं. पण तारखेला अजून तिचंच नाव पुकारतात. मी उभा राहतो.