हनीफचाचांची कोरी पानं

हनीफचाचांवर लिहिण्याचा मला खरं तर अधिकार नाही. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिण्याची सवयही नाही. शिवाय त्यांनी सांगितलेलं एकच काम माझ्या हातून झालं नाही. वाचकांनी माफ करावं.

देऊळगाव राजाला बसस्टँडमागे त्यांचं बाइंडिंगचं दुकान. आलेलं पुस्तक वाचल्याशिवाय ते शिवत नसत. गिऱ्हाईक ताटकळलं तर म्हणायचे, "आत काय हाय ते मालूम नसन, तं कव्हर कशाले घालू?" पानं गहाळ असली की तितकीच कोरी पानं शिवायचे. "कोनाले तरी सापडनच. जागा तं पायजे ना बे!"

एकदा शाळेतून एक जुनं मराठी चरित्र आलं. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत गेलेल्या एका जर्मन लेखकाचं. त्यानं तिथं बोटींवर लाकडं वाहिली, हॉटेलात भांडी घासली, पण पुस्तकं लिहिली ती आपल्या जर्मनमध्येच. शेवटची चार पानं वाळवीनं खाल्लेली. चाचांना चैन पडेना. मी पुण्याला निघालो तेव्हा म्हणाले, "गज्या, तिथं मोठी लायब्ररी हाय म्हन्ते. तो घरी वापस गेला का तिथंच मेला, तेवढं पाहून सांग."

पहिल्याच आठवड्यात मी लायब्ररीच्या खिडकीशी म्हणालो, "मले एक पुस्तक पायजे." मागे रांगेत हसू फुटलं. कोणीतरी "मले, मले" करून दाखवलं. पुस्तकाचं नाव न सांगताच मी परतलो.

चाचांचा फोन यायचा. "काऊन बे, भेटला का माहा जर्मन?" खोलीत मित्र असायचे. एकदा सुटका व्हावी म्हणून मी सांगून टाकलं, "हो चाचा. शेवटी तो मायदेशी परतला."

 चाचा म्हणाले, "गेला घरी! लय बरं झालं रे. आन् तू काऊन असा पाव्हन्यावानी बोलून राह्यला?"

दोन वर्षांनी धीर करून ते पुस्तक मागितलं. पाच मिनिटांत मिळालं. तो परतला नव्हता. तिथंच वारला, शेवटपर्यंत जर्मन लिहीत. दिवाळीत समोर बसून चाचांना खरं सांगायचं ठरवलं.

त्याआधीच त्यांच्या मुलाचा, आरिफचा फोन आला. "गजूभाऊ, अब्बा गेले. परवा दफन झालं."

 मग तोच पुढे म्हणाला, "तुमची लय याद काढे. ते जर्मनवालं पुस्तक मागंच शाळेत देऊन टाकलं त्यायनं. कोऱ्या पानावर सोताच्या हातानं लिहिलं, तो घरी गेला म्हनून. आन् खाली तुमचं नाव टाकलं, कोनं सांगितलं ते मालूम पडावं म्हनून."