डावऱ्या हाताचा खुनी

मला खुनाचे सिनेमे फार आवडतात. पण काल नातवाबरोबर पाहिलेल्या सिनेमात खुनी डावरा निघाला, आणि मला साठ वर्षांपूर्वीचा तारापूरचा सिनेमाचा तंबू आठवला. मधोमध पडदा, पडद्याच्या पुढे पुरुष, पडद्यामागे आम्ही बायका. आम्हाला डावं-उजवं उलटं दिसायचं, पण ते आमच्या गावीही नव्हतं.

एकदा तिथून खुनाचा सिनेमा बघून परतताना दादा म्हणाला, “डाव्या हातानं भोसकलान. डावरी माणसं असलीच!”

माझी वहिनी डावरी. ती हसून म्हणाली, “नाय, उजव्या हातानं. आमी बगितलं ना!”

दादा हसला नाही. तिच्या हाताकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून वहिनी उजव्या हाताने मासळी कापायला लागली. कापलेल्या बोटांनीच ती बोंबलांना मीठ लावायची.

पडद्यावरच्या सुऱ्याला मी कधीच घाबरले नाही. तिच्या उजव्या हातातल्या सुरीकडे मात्र बघवत नसे.