दोब्रिनाच्या खोक्यातला प्रवास

दोब्रिनाचं बूड कधी एका जागी टेकलंच नाही. बल्गेरियातल्या लोम गावातला कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्या बाया रडत घरी बसल्या, आणि ही दुसऱ्याच पहाटे बसथांब्यावर बानित्सा विकायला उभी. पातळ पापुद्र्यांत अंडी आणि पांढरं चीज घातलेली ही न्याहारी गावात घरोघरी व्हायची. पण राजधानीत, सोफियाला शिकायला गेलेल्या पोरांना कोण करून घालणार? आया म्हणू लागल्या, "कच्चीच दे गं, गोठवून. पोरगी तिकडे भाजून घेईल." नवरा व्हेलिकोने आइस्क्रीमवाल्याचा जुना फ्रीजर आणला, खोक्यावर बायकोचं नाव छापलं, आणि बघता बघता 'दोब्रिना' दुकानादुकानांत जाऊन बसली.

नवीन वर्षाच्या बानित्सेत नशीब घालतात, डहाळीच्या तुकड्याला चिठ्ठी बांधून; दोब्रिनाच्या खोक्यांतही त्या चिठ्ठ्या असायच्या. कुणाला 'लग्न' निघतं, कुणाला 'तब्येत', कुणाला 'प्रवास'. त्या डिसेंबरात एकुलती एक लेक रालित्सा म्हणाली, "आई, मी स्पेनला चाललेय. कामाला."

दोब्रिना तडक आपल्या बानित्सेच्या कारखान्यात गेली आणि 'प्रवास'ची एकूण एक चिठ्ठी तिने शेगडीत घातली. घरच्या ताटातली काढून भागणार नव्हतं. पोरगी कुणाच्या घरी जेवायला बसेल, काय नेम?

जानेवारीत शेजारची गेन्का म्हातारी तणतणत आली. "माझा नातू जर्मनीला निघालाय, आणि त्याच्या तुकड्यात 'तब्येत'! अख्ख्या गल्लीत कुणालाच प्रवास नाही. पोरांचे पाय बांधतेस काय गं?"

रालित्सा तिथेच उभी होती. तिने आईकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं.

"आई, तू?"

"हो, मीच! जायचं तर जा आता."

ती गेली. निरोपाचा धड एक शब्दही आपण बोललो नाही, हे दोब्रिनाला वर्षभर खात राहिलं. भांडी घासलेलीच पुन्हा घासायची, फोन वाजायच्या आत उचलून बघायची. "अगं, बस की जरा," व्हेलिको करवादायचा. बसवत नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात स्पेनमधल्या एका बल्गेरियन दुकानाने माल मागवला. त्या खोक्यांतल्या चिठ्ठ्या दोब्रिनाने कुणाला लिहू दिल्या नाहीत.

नवीन वर्षाच्या दिवशी फोन आला. मागे नुसता गलका.

"आई, आम्ही सहाजणी एका खोलीत राहतो. तुझी बानित्सा कापली, तर सहाही तुकड्यांत 'प्रवास'! अगं, काय केलंस हे? सगळ्या रडतायत इथे."

दोब्रिना फोन कानाला लावून स्वयंपाकघरात येरझारा घालत होती. "रडताय कशाला? चिठ्ठी निघालीय ना? मग या की घरी."

मग रालित्सा नाक ओढत म्हणाली, "ईस्टरला येते."

दोब्रिनाने खुर्ची ओढली आणि बसली.