सुनंदाच्या पायांवरचं पाणी

इकडं सरक माय, अशी जवळ बस. तू पुण्यात आहेस आणि मी इथं गावाकडं कागदावर वाकलेय, हे कळतं मला. पण माणूस समोर बसवल्याशिवाय माझा हात चालत नाही. आणि आधी थोडं रागावूनच घेते. सगळ्या नात्यागोत्यात सांगत सुटलीस की येळवशीला मावशीला पिवळ्या लुगड्यातली लक्ष्मी दिसली, तिनं सुनेच्या पायांवरून हात फिरवला आणि पाय बरे झाले. कोण म्हणालं तुला असं? मला एक फोन केला असतास तर काय बिघडलं असतं? पिवळं दिसलं हे खरं, पण ते लुगडं नव्हतं. आता नीट ऐक, आणि सांगायचंच असेल तर जसं झालं तसं सांग.

तुझे काका गेल्यापासून माझा लक्ष्मीशी अबोला होता. दिवा लावायचे, पण तोंड फिरवून. इतकी वर्षं तिची ओटी भरली, अंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन रानात गेले, आणि तिनं माझं असं करावं? वर्षाच्या आत येळवस आली. तुझ्या तिकडच्या शेजारणींना ठाऊक नसेल, सांग त्यांना, की त्या अमावस्येला आमच्याकडं गावात चिटपाखरू राहत नाही. सगळे रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करायची, पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, शेजारी लक्ष्मी, आणि शेंगा-पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, अंबील. रस्त्यानं जाणारा दिसला की हाक मारून जेवायला बसवायचं, तो कुणी का असेना. मी म्हटलं, यंदा नको. सुनंदा म्हणाली, “आत्या, तुम्ही नुसतं बसा, मी करते सगळं.” ही माझी सून. बोलते कमी, पण पहाटे उठून तिनं सगळा सैपाक उरकला होता.

आमचं रान अहमदपूरच्या अलीकडं, लातूरहून येणाऱ्या मोठ्या रस्त्याला लागून, वळणावर. आमच्या भावजींनी मोटरसायकलवरच्या एका जोडप्याला हाक मारली. नांदेडची माणसं, लातूरला निघालेली. बाई मूळची नागपूरकडची, तिनं येळवस कधी बघितली नव्हती. सगळ्या रानांत ही माणसं काय करून राहिलीत म्हणून तिनंच नवऱ्याला गाडी हळू करायला लावली होती. पाव्हणा लाजत लाजत बसला. काय करता म्हणून विचारलं तर म्हणाला, फायर ब्रिगेडात आहे, आज सुट्टी. जाऊबाई म्हणाल्या, मग आमची भज्जी तिखट लागली तर तुम्हीच विझवा. हसलो सगळे. मीही हसले, आणि हसल्याचा मलाच राग आला.

तेवढ्यात रस्त्यावर मोठा आवाज झाला. बघतो तर वळणावर टँकर आडवा. ड्रायव्हर काचेतून बाहेर आला, आपला दुखरा हात धरून पलीकडं जाऊन बसला. टँकरमधून घट्ट, जडसं काहीतरी भळभळ रस्त्याकडेच्या चरात पडू लागलं आणि चर आमच्या रानाकडं उतरतो. आता बघ माय, लातूरला तेलाच्या गिरण्या. या रस्त्यानं तेलाचे टँकर रोज जातात, आणि मागं एकदा एक उलटला होता तेव्हा अख्ख्या गावानं तेल भरून नेलेलं. मग काय, आजूबाजूच्या रानांतून बाया घागरी, कॅन, पातेली घेऊन पळाल्या. आमची सुनंदाही पळाली. खोटं कशाला सांगू, मीच म्हटलं होतं, मोठा कॅन घे.

पाव्हणा हातातला घास टाकून उठला. टँकरच्या मागचा फलक त्यानं लांबूनच ओळखला. “मागं व्हा, एसिड आहे,” म्हणून ओरडत धावला. कोण ऐकतंय? आमच्या बायांना एसिड म्हणजे संडास धुवायची बाटली. एक जणी पळता पळता म्हणाली, “हाव, आम्हाला एसिड आन् तुला तेल व्हय?” आणि त्या वेळी माझ्या तोंडून एक शब्द निघाला, जो लग्नानंतर मी उच्चारला नसेल. माझ्या माहेरी, उदगीरकडं, शेजारी सोनार होते. त्यांच्याकडं काचेच्या बुचाची एक बाटली असायची आणि आम्हा पोरींना तिच्या आसपास फिरकू द्यायचे नाहीत. मी जीव खाऊन ओरडले, “तेजाब हाय गं, तेजाब.” तो जुना शब्द आमच्या वयाच्या साऱ्यांनी लहानपणी भीतीसकट ऐकलेला. म्हाताऱ्या जागच्या जागी थिजल्या आणि त्यांनी पुढच्या पोरींच्या पदराला धरून मागं ओढलं. फक्त सुनंदा सगळ्यांच्या पुढं होती. तिचा पाय चरात घसरला होता.

पाव्हण्यानं तिला काखेत धरून ओढत आमच्या हौदाजवळ आणलं. निऱ्या भिजलेल्या, चपला भिजलेल्या. तो म्हणाला, लुगडं सोडा, चपला काढा, उघड्या हातानं भिजलेलं धरू नका. आता तिथं भावजी, शेजारची माणसं, भर रान. सुनंदा निऱ्या घट्ट धरून बसलेली, कळवळतेय पण सोडत नाही. पाव्हण्यानं पाठ फिरवली आणि सगळ्या पुरुषांना पाठ फिरवायला लावली. त्याच्या बायकोनं आणि जाऊबाईंनी वाकळ आडवी धरली, आणि मी विळ्यानं निऱ्या कापून टाकल्या. ज्या सुनेचा पदर माझ्यासमोर कधी डोक्यावरून ढळला नाही, तिचं लुगडं मी भर दिवसा फाडलं. मग पाणी. पाव्हणा पाठमोराच सांगत होता, ओतत राहा, थांबू नका, थोडं नको, भरपूर. जाऊबाई अंबिलीचं मडकं घेऊन आल्या, थंड असते म्हणून. नको म्हणाला. भावजींना आठवलं की चुना तेजाब मारतो, आणि पांडवांचा उरलेला चुना ते मूठ भरून घेऊन आले. तेव्हा मात्र पाव्हण्यानं वळून त्यांचं मनगट धरलं. “काका, दोन्ही भेटले की आग होते. पाय भाजून निघतील. फक्त पाणी.”

पण पाणी होतं कुठं? हौदात तळाला राहिलेलं. त्या आठवड्यात आमच्याकडं लाईटीची रात्रीची पाळी, दिवसा मोटर बंद. मी घागर बुडवली तर बूड खरवडल्याचा आवाज आला. सुनंदाची बोटं पांढरी पडत होती, जोडव्यांच्या खाली काय होतंय दिसत नव्हतं. शपथेवर सांगते, मला देव आठवला नाही. ना नवस सुचला ना नाव. मी तिचे दोन्ही पाय मांडीवर घेतले, एवढंच. आणि विहिरीवरची मोटर खोकली. ऑटोवर ठेवलेली असते ना, लाईट आली की आपली आपण सुरू होते. पाईप एकदा फुरफुरला आणि हाताएवढी धार हौदात पडली. पाव्हण्याच्या बायकोनं तीच धार वळवून सुनंदाच्या पायांवर धरली. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ते पाणी थांबलं नाही.

इकडं पाव्हण्यानं माणसांना सांगितलं, वारं पाठीवर घेऊन उभे राहा आणि चराला मातीची पाळ घाला, म्हणजे ते विहिरीकडं जाणार नाही. पाळ घालणं शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. खोरी चालली. माती ओतली की ती उतू जाणाऱ्या दुधासारखी फसफसायची.

सुनंदाला लातूरला नेलं. माझा लेक पाव्हण्यारावळ्यांना आणायला अहमदपूरला गेला होता, तो तिथूनच पोहोचला. गाडीत जाऊबाई बसल्या, मला जागा राहिली नाही. मी मागं राहिले, आणि तेव्हा ती पिवळी माणसं आली. बंबावरची. डोक्यापासून पायापर्यंत पिवळा पोशाख, तोंडावर काच, आत कोण आहे कळायचं नाही. मी लांब बांधावर बसून पाव्हण्याला प्रश्न विचारत होते. विचारले नसते तर रडले असते. बंब आहे तर पाणी का मारत नाहीत? तो म्हणाला, मावशी, तापल्या तेलात पाण्याचा थेंब पडला की काय होतं? तसंच हे उसळतं, अंगावर येतं. मग सुनंदाच्या पायावर का मारलं? तिथं तेजाब थोडं होतं, पाणी नदीएवढं होतं, धुऊन गेलं. मग ते बघा, ते चुना टाकायलेत, आमच्या भावजींचा का चालला नाही? “माती तापली तर तापू द्या मावशी. माती कळवळत नाही,” म्हणाला. शेवटी एका पिवळ्यानं मातीला कागदाची पट्टी लावली, ती लाल झाली, म्हणजे तेजाब अजून उरलं होतं. आणखी चुना. मी म्हटलं, आमच्या हळदीसारखंच की हे, चुना लागला की कुंकू होतं. तो हसला. हळदीला चुना कळतो मावशी, तेजाब कळत नाही. हे मला अजून नवल वाटतं. घरात रोज हाताळलेली हळद, आणि तिला काय कळतं, काय नाही, मला या वयात कळलं.

लाईटीचंही मी सोडलं नाही. पुढच्या आठवड्यात लाईनमनला गाठलं. तो म्हणाला, दुपारी तिकडं तुटलेली तार जोडली, चालते का बघायला थोडा वेळ लाईट सोडली होती. थोडा वेळ म्हणजे किती, तर त्यालाही आठवेना. म्हणजे बघ, सगळ्याला कारण आहे. पाव्हणा थांबला कारण त्याच्या बायकोला येळवस बघायची होती. लाईट आली कारण तार जोडली. शब्द आला कारण शेजारी सोनार होते. मी एकेक धागा ओढून बघितला, कुठंही गाठ लागली नाही. लक्ष्मी यातल्या कुठल्या धाग्यात होती म्हणून विचारशील, तर मला सांगता येणार नाही, आणि नव्हतीच असं म्हणायलाही जीभ वळत नाही.

पण एक झालं. रात्री घरी येऊन दिव्यापुढं बसले आणि तोंड फिरवायचं विसरले. वर्षभर मी तिला जाब विचारत होते, की मी एवढं केलं, तू काय केलंस. त्या दुपारी माझ्याकडं द्यायला काही नव्हतं, मागायला शब्द नव्हता, नुसते दोन पाय मांडीवर होते. सासूनं सुनेचे पाय धुवायची रीत आपल्यात नाही. पण यंदाची माझी पूजा तेवढीच झाली, आणि मला वाटतं, ती तिला पोहोचली. आता मी जाब विचारत नाही. हात रिकामे असले की रिकामेच पुढं करते.

सुनंदाच्या उजव्या पायावर डाग राहिलाय, दोन बोटांची कातडी अजून गुलाबी आहे. डॉक्टरांनी म्हणे गेल्या गेल्या विचारलं, पाणी कुणी मारलं? ते मारलं नसतं तर बोटं गेली असती. जोडवी तिनं परवा पुन्हा घातली. तर माय, फोनवर गोष्टी रंगवण्यापेक्षा एकदा येऊन जा, हरभरा वाळायच्या आत. फाट्यावर उतर. सुनंदा येईल तुला न्यायला, चालत.