एकत्र डबा, मग सही

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते आमच्या विद्यापीठाच्या संशोधन कक्षाच्या प्रमुखांचे, संख्याशास्त्राच्या सरांचे. त्यांचं नाव इथं लिहीत नाही, कारण स्वतःचं नाव छापलेलं दिसलं की ते चष्मा काढून ठेवायचे आणि दुसराच विषय काढायचे. पण उपकाराची गोष्ट आधी सांगून टाकलेली बरी. त्यांनी मला वर्गात एकही तास शिकवला नाही. मी त्यांच्या कक्षात कंत्राटी सहायक होतो.

माझी शाळा वडूजची. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पदवीधर झालं नव्हतं. वडील कुपवाडला एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होते. तिथंच खोली घेऊन राहायचे आणि सुट्टीला मोटारसायकलवरून घरी यायचे. त्यांना ऐकू कमी येत असे, म्हणून घरात सगळेच मोठ्यानं बोलायचे. पाचवीत आमच्या बाई मला म्हणायच्या, "अरे, मी समोरच उभी आहे, डोंगरावर नाही." मला वाटायचं, माझा गळाच तसा आहे.

साताऱ्यात समाजशास्त्रात एम.ए. केलं आणि या कक्षात लागलो. काम साधंच. प्राध्यापकांचे संशोधन प्रस्ताव गोळा करायचे, संकेतस्थळावर भरायचे, बैठकीच्या तारखा जमवायच्या, वर्षाअखेरीस खर्चाची प्रमाणपत्रं जोडायची. लागून काही आठवडे झाले असतील, सर माझ्या मागं येऊन उभे राहिले.

"तू हे नुसतं टाइप करतोस की वाचतोस पण?"

"वाचतो, सर."

"मग सांग, काय वाचलंस?"

मी म्हणालो, "सर, भौतिकशास्त्राच्या सरांना कारखान्यातला आवाज मोजायचाय. समाजशास्त्राच्या मॅडमना कामगारांच्या घरी जाऊन मुलाखती घ्यायच्यात. दोघांनीही कुपवाडच लिहिलंय. आणि दोघांना एकमेकांचं माहीत नाही."

सरांनी माझ्या टेबलावरचे ते दोन्ही प्रस्ताव उचलून शेजारी शेजारी ठेवले. मग म्हणाले, "उद्या दोघांना डबा घेऊन माझ्या खोलीत बोलाव."

हा डबा म्हणजे सरांचा नियम. दोन विभागांना मिळून काही करायचं असेल, तर त्या दोघांनी आधी महिनाभर सरांच्या खोलीत एकत्र जेवायचं. त्याशिवाय प्रस्तावावर सरांची सही होत नसे. नियम कुठं लिहिलेला नव्हता. एकदा वरच्या कार्यालयातून विचारणा झाली, अमुक प्रस्तावाला उशीर का? सरांनी फोनवर सांगितलं, "अजून त्यांची भाजी जमत नाही."

भौतिकशास्त्राचे सर सांगलीचे, मॅडम वाईच्या. पहिल्या दिवशी दोघं आपापला डबा पुढ्यात धरून बसले होते, जणू पेपर लिहिताना शेजारच्यानं बघू नये म्हणून. तिसऱ्या दिवशी भौतिकशास्त्राच्या सरांनी भरली वांगी पुढं सरकवली.

"घ्या मॅडम. आमच्या कृष्णाकाठची आहेत."

"कृष्णा आधी वाईला येते, सर," मॅडम म्हणाल्या. "तुमच्याकडं पोचते ती आमची उरलेली."

आमचे सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या दिवसापासून डबे मध्ये आले. मी पाणी आणायला, कागद द्यायला आत-बाहेर करायचो. मग सरांनी मलाही खुर्ची ओढायला सांगितलं.

त्या महिन्यात मी जे शिकलो ते कुठल्या वर्गात शिकलो नव्हतो. मॅडम विचारायच्या, "आवाज तीन डेसिबलनं वाढला तर एवढं काय बिघडलं?" मग भौतिकशास्त्राचे सर पोळीचे तुकडे मांडून दाखवायचे की तीन वाढले म्हणजे आवाजाची शक्ती दुप्पट झाली. उलट मॅडम सांगायच्या की कामगारांच्या घरी नवऱ्याचा फोन बायको घेते आणि त्याच्या वतीनं बोलते. भौतिकशास्त्राचे सर विचारायचे, "हे मोजायचं कसं?"

"मोजायचं नाही हो. आधी बसून ऐकायचं."

एकदा असंच बोलणं चाललं असताना माझा हात घासासकट थांबला. ते सांगत होते ते आमचं घर होतं. माझा गळा तसा नव्हता. मी वडिलांसाठी तसं बोलायला शिकलो होतो. हे मी कुणाला बोललो नाही, पण आमच्या सरांनी माझ्याकडं बघितलं होतं. संध्याकाळी कक्ष बंद करताना ते म्हणाले, "तू पीएच.डी. का करत नाहीस?"

"माझा विषय कुठला, सर?"

"दुपारी तू जेवायचा थांबलास ना, तो."

प्रकल्प मंजूर झाला, आणि महिना संपला तरी डबे चालूच राहिले. आम्ही कुपवाडच्या लहान कारखान्यांतून हिंडलो. वडिलांच्या कारखान्यातही गेलो. भौतिकशास्त्राचे सर प्रेसशेजारी मापक धरून उभे असत, मॅडम दारात चहा पीत बायकांशी बोलत. मी पीएच.डी.ला अर्ज केला, आणि प्रबंध दोन्ही विभागांना धरून असल्यानं मार्गदर्शकही दोन लागणार होते. त्या दोघांची लेखी संमती ठरलेल्या तारखेच्या आत द्यायची होती. त्याच महिन्यात आमचे सर निवृत्त होणार होते. सगळं अगदी सरळ दिसत होतं.

तेवढ्यात पहिला लेख तयार झाला. भौतिकशास्त्राच्या सरांनी तो मॅडमना पाठवला. पहिल्या पानावर नावं होती. आधी त्यांच्या विद्यार्थिनीचं, मग त्यांचं, आणि शेवटी मॅडमचं.

मॅडम दुसऱ्या दिवशी डब्याला आल्या नाहीत. मी त्यांच्या विभागात गेलो तर म्हणाल्या, "निम्मं काम माझं. आणि माझं नाव त्या पोरीच्याही मागं? सांग त्यांना, तेवढंही कशाला ठेवलं." भौतिकशास्त्राच्या सरांना कुणाकडून तरी हे कळलं. ते म्हणाले, "मी काय खुलासा करू? एवढं साधं ज्यांना कळत नाही, त्यांच्याशी काय बोलायचं?" नेमकं काय कळत नाही, ते मला विचारायचं धाडस झालं नाही. दोघं जिन्यात समोरासमोर आले की एकजण परत वर जायचा.

संमतीचे कागद माझ्या पिशवीत तसेच होते. एकाची सही मागावी तर दुसऱ्याचं नाव वाचून तो कागद बाजूला सारणार. मुदत जवळ येत चालली. आईनं तर वडूजला गल्लीत सांगूनही टाकलं होतं की पोरगा डॉक्टर होणार. एका म्हातारीनं तिला गुडघ्याचं औषधही विचारून ठेवलं होतं. मी आमच्या सरांपुढं जाऊन उभा राहिलो. ते म्हणाले, "कुपवाडच्या लोकांना निष्कर्ष सांगायचा शब्द दिलाय ना? तो पाळू. दोघांना कळव. येतील न येतील. नाहीतर तू सांग."

"दोघांचंही मीच सांगायचं, सर?"

"दोघांचंही."

सुट्टीच्या दिवशी सर आणि मी एसटीनं सांगलीला आणि तिथून रिक्षानं कुपवाडला गेलो. एका गोदामात सतरंज्या टाकल्या होत्या. कामगार, त्यांच्या बायका, पोरं जमली होती. वडील पुढंच बसले होते. मी फळ्यापाशी उभा राहिलो आणि मशीनपाशी कानात बोळे का घालावेत ते सांगायला लागलो. मधेच दारात भौतिकशास्त्राचे सर येऊन उभे राहिलेले दिसले. थोड्या वेळानं मॅडमही आल्या आणि बायकांच्यात जाऊन बसल्या.

वडिलांच्या शेजारचा एक कामगार म्हणाला, "आवं, मशीनचा आवाज आला न्हाई तर ती चाललीया का बंद पडलीया ते कळंल कसं?"

दुसरा म्हणाला, "आन् कानात ते बोळं घालून बसलो तर मालक शिव्या देतोय त्या कशा ऐकू येतील रं?"

"त्यासाठीच घाल की गड्या!"

सगळे हसले. एक बाई मागून म्हणाली, "ह्यांच्याशी हळू बोललं की ह्यांना वाटतंय, म्या काय तरी लपवतीया. लय वरडावं लागतंय. शेजारीण म्हणती, रोजच भांडण हाय व्हय तुमचं?"

मी घाईघाईनं डेसिबलचं सांगायला गेलो आणि चुकलो. तीन वाढले की आवाज थोडा वाढतो, असं काहीतरी बोलून बसलो. भौतिकशास्त्राचे सर तोंड उघडायच्या आत मॅडम उठल्या.

"थोडा नाही, दुप्पट! शक्ती दुप्पट होते. बघा, ही एक पोळी समजा..." आणि त्यांनी हवेत तुकडे मांडून सगळं सांगितलं. जसं त्यांना सांगितलं गेलं होतं, अगदी तसंच.

मग एकानं विचारलं, घरच्या बोलण्याशी याचा काय संबंध? तेव्हा भौतिकशास्त्राचे सर दारातून पुढं आले. म्हणाले, "कान गेला की माणूस आधी गप्प होतो. फोन बायकोकडं देतो. लग्नाकार्यात कोपऱ्यात बसतो. मॅडमनी तुमच्या घरी बसून हे ऐकलंय. मला यंत्रात हे दिसलं नसतं." वडिलांनी मान खाली घातली होती. त्यांना ऐकू गेलं होतं.

बाहेर चहाच्या गाड्यावर आम्ही चौघं उभे राहिलो. आमचे सर मुद्दामच बरणीतली बिस्किटं निवडत राहिले. शेवटी मॅडमच म्हणाल्या, "एवढं सगळ्यांसमोर चांगलं बोलता, आणि लेखात मला शेवटी टाकता."

"मग कुठं टाकू?" भौतिकशास्त्राचे सर एकदम चढ्या आवाजात म्हणाले. "ती माझी जागा होती!"

"म्हणजे?"

"आमच्यात ज्यानं काम केलं त्या विद्यार्थ्याचं नाव पहिलं. आणि ज्याच्या डोक्यातून काम निघालं, त्या मोठ्या माणसाचं शेवटी. शेवटचं नाव मानाचं. आजवर मी ती जागा कुणाला दिली नाही. आणि तुम्ही..."

मॅडमनी कप गाड्यावर ठेवला. मग म्हणाल्या, "आमच्यात शेवटचं नाव म्हणजे ज्यानं झेरॉक्स काढल्या त्याचं. आम्ही बहुतेक एकटेच लिहितो हो. मला कसं कळणार?"

"मला वाटलं, हे सगळ्यांना माहीत असतं."

"आणि मला वाटलं, तुम्ही मुद्दाम केलंत."

आमचे सर आता मोकळं हसले. "महिनाभर भाज्या वाटून घेतल्यात," ते म्हणाले, "आणि ही एवढी गोष्ट कुणी विचारली नाही. चूक माझ्याही नियमाची आहे." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "काढ ते कागद."

मॅडमनी लगेच सही केली. भौतिकशास्त्राच्या सरांनी चष्मा लावून संपूर्ण कागद वाचला, प्रबंधाच्या शीर्षकातला एक शब्द बदलायला लावला, आणि मगच सही केली. ते तसेच आहेत. समाजशास्त्राच्या नियतकालिकासाठी वेगळा लेख करायचा आणि त्यात मॅडमचं नाव पहिलं, हे परतताना गाडीतच ठरलं.

महिनाअखेरीस आमचे सर निवृत्त झाले आणि वाईला राहायला गेले. त्यांच्या खोलीत आता बैठकांचा मोठा पडदा लावलाय. संयुक्त प्रस्ताव संकेतस्थळावरूनच येतात. दोन प्राध्यापक कधीकधी एकमेकांना न भेटताही अर्जाच्या पुढच्या पानावर जातात. काम वेगानं होतं, मला तक्रार नाही. पण दुपारी एकच्या सुमाराला त्या जिन्यात चार घरांच्या फोडण्यांचा एकत्र वास यायचा. त्या वासानं कोण आलंय ते मला टेबलावरून कळायचं. तशी दुपार पुन्हा मिळाली नाही.

प्रबंधाचं काम पुढं काही वर्षं चाललं. मौखिक परीक्षा झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सरांना पत्र लिहिलं. मेसेज केला असता तर त्यांनी फक्त अंगठा पाठवला असता. ते पत्र असं:

"आदरणीय सर, सा. न.

काल माझी मौखिक परीक्षा झाली आणि पदवीची शिफारस झाली. तुम्हाला फोन न करता लिहितोय, कारण फोनवर मला हे धड बोलता आलं नसतं.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आधी विचारलं, तुमचा विषय नक्की कोणता? मी उत्तर द्यायच्या आत दोन्ही मार्गदर्शक एकदम बोलायला लागले. परीक्षकांना त्यांना थांबवावं लागलं. वडील मागच्या रांगेत कानाला यंत्र लावून बसले होते. नंतर म्हणाले, तुझं सगळं कळलं, त्या दोघांचं न्हाई कळलं.

नोकरीचं अजून जमलेलं नाही. समाजशास्त्रवाले म्हणतात, तू भौतिकशास्त्राकडं बघ. भौतिकशास्त्रवाले म्हणतात, तू समाजशास्त्राचा. सध्या कक्षातच आहे, कंत्राटावर. पण मी काळजी करत नाही, तुम्हीही करू नका. जे मिळालंय ते तुमच्यामुळं मिळालंय, आणि ते आता कुणी काढून घेणार नाही.

एक अडचण आहे. परीक्षकांनी विचारलं, एवढ्या थोड्या कारखान्यांवरून सगळ्या कुपवाडविषयी कसं बोलता? मी म्हणालो, सगळ्या कुपवाडविषयी बोलतच नाही. या कारखान्यांत आणि या घरांत काय झालं ते सांगतो, आणि बाकीकडं शोधायला हवं असं म्हणतो. त्यांनी मान हलवली. ती मान होकाराची होती की नाही, ते कळलं नाही. उत्तर बरोबर होतं का, ते कळवावं. चुकलं असेल तर स्पष्ट लिहा. प्रबंध छापायला देण्याआधी दुरुस्त करतो.

आपला विद्यार्थी"