लाल थेंबाचे भाऊरावकाका

भाऊरावकाका पाना हातात घेण्याआधी तोंडातली कवळी काढून ठेवत. बोल्ट आवळताना त्यांचे दातही आपोआप आवळले जात आणि एक कवळी त्यात शहीद झाली होती. देवळी गावात आमची घरं भिंतीला भिंत लागून. तहसील कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या जुन्या पांढऱ्या गाडीचं इंजिन स्वतःच खोललं आणि अख्खं अंगण व्यापून टाकलं.

गाडीच्या थरथरीने बोल्ट सुटू नयेत म्हणून त्यांच्या आट्यांना लावायचं एक औषध मिळतं. काकांचा त्यावर देवापेक्षा जास्त भरवसा. "निळं लावलं का पान्यानं खुलते," ते मला समजावत, "लाल लावलं का तापवल्याबिगर हालत नाई. लाल तिथंच लावाचं बापू, जिथं जलमभर खोलाचं नाई." इंजिनपुरतं ते थांबले असते तर बरं होतं, पण कुकरची दांडी, पंखा, माझा चष्मा, कशालाच त्यांनी सोडलं नाही. "ढिल्लं राह्यलं का इज्जत जाते," हे त्यांचं पालुपद.

ती एकदा गेली होती ना! आष्टीला, शांताकाकूंच्या माहेरी, ऐन दारात गाडीचा सायलेन्सर गळून पडला आणि सासुरवाडीची मंडळी पोट धरधरून हसली. तेव्हापासून काकू माहेरी एसटीनेच जात. आता त्यांच्या भाच्याचं लग्न निघालं होतं आणि काकांनी शपथ घेतली होती, काकूंना नेईन तर याच गाडीतून.

लग्नाच्या आदल्या दिवशी इंजिन जोडून झालं. कवळी मात्र सापडेना. काकूंनी गल्लीतल्या कुत्र्यावर आळ घेतला. सकाळी त्या ठेवणीतली साडी नेसून दारात उभ्या राहिल्या, काकांनी गाडी सुरू केली आणि आतून आवाज आला, कटकट, कटकट! गल्ली गोळा झाली.

"टॅपेट वाजून राह्यला जी," कुणीतरी इंजिनच्या वरच्या भागाकडे बोट दाखवत निदान केलं.

काकांनी घाईने इंजिन बंद केलं. मला बाजूला ओढून ते कुजबुजले, "बापू, दात अंदरच राह्यले वाट्टे."

इंजिनच्या वरच्या झाकणाला निळं लावलं असतं तर प्रश्नच नव्हता. पण सासुरवाडीच्या धास्तीने काकांनी तिथे लाल लावलं होतं. मी घरून रेडिओदुरुस्तीचा सोल्डरिंग आयर्न आणला आणि एकेक बोल्ट तापवत बसलो. तिकडे मुहूर्त जवळ येत होता.

"काऊन जी, एवढं घट्ट काऊन केलं?" काकू रडकुंडीला आल्या होत्या.

"तुह्यासाठीच तं केलं!" काका बोळक्या तोंडाने ओरडले.

झाकण निघालं. तेलात न्हालेली कवळी आत हसत होती. काकूंनी ती भांड्यांच्या साबणाने खसाखसा घासली, काकांच्या हातात दिली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. मांडवात काकांना जिलेबीलाही इंजिन ऑइलची चव लागत होती म्हणे. पण सायलेन्सर जागच्या जागी होता आणि ते सगळ्यांना तो वाकून बघायला लावत होते.

गेल्या उन्हाळ्यात काका झोपेतच गेले. त्यांच्याशिवाय ते अंगण मला बघवत नाही.

परवा रंगारी आला आणि काकूंच्या दारावरची पाटी काढू लागला. पाटीवर दोघांची नावं. स्क्रू काही हलेनात. मी आयर्न आणायला वळलो, तर काकूंनी हात धरला.

"राहू दे बापू. तिथं त्यायनं लाल लावलं हाये."