तिसऱ्या रांगेतल्या दोन खुर्च्या

ऑर्केस्ट्राचे कार्यक्रम लावणाऱ्या बाळशेठनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि प्लॅन उलगडला. प्लॅन म्हणजे खुर्च्यांचा छापील नकाशा. तिकीट गेलं की त्या चौकोनावर पेन्सिलने फुली मारायची. बुकिंग दुसऱ्या दिवशी सकाळी उघडणार होतं. तरी तिसऱ्या रांगेत पाच आणि सहा नंबरवर फुल्या होत्या. शेजारी माझं आडनाव, गेली तीन वर्षं असायचं तसंच.

“तुमच्या दोन ठेवल्यात, साठ्येसाहेब. वहिनींना सांगा.”

“बाळशेठ, आज मी तिकिटांसाठी आलेलो नाही,” मी म्हणालो आणि तक्रारीची फाइल टेबलावर ठेवली.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी मक्तेदारीच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी खात्यात होतो. आमच्याकडे यायच्या त्या बड्या कारखानदारांच्या भानगडी. ही तक्रार एका ऑर्केस्ट्राची होती. “पनवेललाच राहता ना? जाऊन या,” एवढं बोलून बॉसनी ती माझ्याकडे सरकवली होती.

पनवेलात तिकीट लावून कार्यक्रम करण्याजोगं मैदान एकच, आणि ते सीझनभर बाळशेठकडे भाड्याने. तिकीट खिडकीही त्यांचीच. यात बेकायदा काही नव्हतं. आपलं एकट्याचंच दुकान असणं कायद्याला खुपत नाही. दुसऱ्याला दुकान उघडू न देणं खुपतं. ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या शैलाताईंचं म्हणणं हेच होतं. त्यांनी शेजारच्या सुकापूरला दुसऱ्या आयोजकाकडे एक कार्यक्रम केला, तेव्हापासून बाळशेठ त्यांना तारीख देईनात. आठ वादकांपैकी ढोलकीवाला आणि अकॉर्डियनवाला सोडून गेले होते. “आणखी एक सीझन असा गेला तर ऑर्केस्ट्रा बंद,” त्या म्हणाल्या होत्या.

अडचण एकच. सगळं तोंडी. कागद नाही.

“सुकापूरला जायचं नाही, अशी अट घातलीत का तुम्ही?” मी विचारलं.

“नाय हो साहेब! आमी कुनाला कशाला अडवू? बाईंचाच भरोसा नाय. वेळ पाळत नाय.”

“लेखी काही आहे?”

“माझी तारखांची वही हाय ना. बगा, एक अक्षर खोटं नाय.”

आणि त्यांनी ती अभिमानाने माझ्यापुढे टाकली. तारखांवरून ऑर्केस्ट्रावाल्यांशी भांडणं होत, म्हणून बाळशेठ प्रत्येक तारीख कारणासकट लिहून ठेवत. इतका नेटका माणूस मी आमच्या खात्यातही पाहिला नव्हता. शैलाताईंच्या तीन तारखा खोडलेल्या होत्या. प्रत्येकीपुढे सुवाच्य अक्षरात: ‘सुकापूरला वाजवले. वर्षभर नको. बाकीच्या ऑर्केस्ट्रांनाही कळवले.’

मी ते मोठ्याने वाचलं. बाळशेठनी कप खाली ठेवला.

“खरं लिवलं, ही चूक झाली का?”

“लिहिलंत ते उत्तमच. केलंत ती चूक.”

पानाची नक्कल करून त्यावर त्यांची सही घेतली. ऑफिसात गेल्यावर बॉसना माझ्या दोन फुल्यांबद्दलही सांगितलं.

“पैसे देता ना?”

“छापील किंमत.”

“मग तुम्ही लाचखोर नाही, नुसते लाडके गिऱ्हाईक. रिपोर्टमध्ये लिहा आणि पुढचं बघा.”

लिहिलं. पहिल्याच परिच्छेदात.

वहीच समोर असल्याने बाळशेठनी वाद घातला नाही. अट मागे घेतल्याचं आणि यापुढे तिकिटांचं बुकिंगही रांगेनेच करण्याचं लेखी दिलं. पुढच्या सीझनला शैलाताई सुकापूरलाही गायल्या आणि पनवेललाही. अकॉर्डियनवाला परत आला. ढोलकीवाला आला नाही; त्याला ठाण्यात बरं चाललं होतं.

शैलाताईंच्या पनवेलच्या कार्यक्रमासाठी मी सकाळी साडेसहाला रांगेत उभा राहिलो. खिडकीशी पोचलो तेव्हा सतरावी रांग उरली होती.

“तिसरी गेली, साहेब,” बाळशेठ गोड हसले. “आता सगळं नेमात हाय.”

कार्यक्रमात बायकोला मंडपाचा खांब दिसला आणि शैलाताई ऐकू आल्या.

“तुम्ही कायदा मोडला असतात, तरी एवढी शिक्षा झाली नसती,” ती म्हणाली.

या चौकशीत शिकलो ते एवढंच. तिसऱ्या रांगेतला माणूस मक्तेदारीची तक्रार करत नाही. मीही तीन वर्षं केली नव्हती.